ऑप्शनला टाका

अकरावीला आर्ट्स घेऊन वर गणितही मागणारी मुलगी कॉलेजला घरात शिरलेल्या मांजरीसारखी वाटते. हाकलून देता येत नाही, पण बशीत दूधही कुणी ओतत नाही. आमच्या पूर्वाला हे दोन्ही हवं होतं, कारण तिला अर्थशास्त्र शिकायचं होतं. बारावीनंतर पुण्यातल्याच एका संस्थेत अर्थशास्त्राची बी.एस्सी. करायची, हे तिनं नववीतच ठरवलं होतं, आणि त्या संस्थेची अट एकच होती, बारावीला गणित पाहिजे. गणित नसेल तर अर्जच करायचा नाही. म्हणजे बाकीचे विषय इकडचे तिकडे झाले तरी चालण्यासारखं होतं, पण गणित गेलं की सगळंच गेलं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना मला राग येतो आणि मग माझं बोलणं भरकटतं.

मी हिरा तायडे. पोस्टात काउंटरला बसते. नवरा संजय सणसवाडीच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. आम्ही राहतो वाघोलीला. सासरे बाबुराव आमच्याजवळच असतात. मूळचे अकोल्याकडचे, नोकरीसाठी पुण्यात आले ते इथलेच झाले, आणि निवृत्त झाल्यापासून दर रविवारी विहारात मुलांना पाली शिकवतात. लोकांसमोर मी संजयला अहो म्हणते, घरात अरे म्हणते. इथे घरातलंच चालू ठेवते. सध्या त्याला त्याहून जास्त मान द्यायची माझी इच्छा नाही.

पूर्वाला पेठेतल्या एका जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. दहावीला चांगले मार्क पडूनही आर्ट्स का, असं सोसायटीतल्या बायकांनी मला इतक्यांदा विचारलं की शेवटी मी सांगायला लागले, तिला सायन्स झेपलं असतं पण आम्हाला शेजारी झेपले नसते. विषय ठरले. इंग्रजी सक्तीचं, दुसरी भाषा पाली, मग अर्थशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल आणि गणित. पाली आजोबांसाठी. तसं ते कधी बोलले नाहीत, पण नातीनं पाली घेतलं म्हटल्यावर ते स्वतः बसनं अप्पा बळवंत चौकात गेले, पुस्तक घेऊन आले आणि त्याला कव्हर घालत बसले. एवढं खूश मी त्यांना संजयच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. संजयच्या लग्नात म्हणजे माझ्याच.

मग वेळापत्रक लागलं. सकाळच्या पहिल्याच तासाला एका खोलीत पाली आणि दुसऱ्या खोलीत गणित. आर्ट्सच्या मुलांसाठी गणिताचा वेगळा वर्ग नव्हता, त्यांनी कॉमर्सच्या तुकडीत जाऊन बसायचं, आणि कॉमर्सचा तास काही चार आर्ट्सवाल्यांसाठी हलणार नव्हता. पाली शिकवणारे सर दुसऱ्या कॉलेजातून यायचे, त्यांना तेवढी सकाळच मोकळी होती. म्हणजे दोन्ही बाजू पक्क्या आणि मध्ये आमची पोरगी.

मी असते तर भांडत बसले असते. पूर्वा भांडली नाही. तिनं ते वेळापत्रक वहीत उतरवून घेतलं, दोन्ही सरांना जाऊन भेटली, पाली दुपारी होईल का विचारलं, नाही म्हटल्यावर गणिताच्या दुसऱ्या तुकडीत बसू का विचारलं, तिथे भूगोल आडवा आला. शेवटी तिच्या लक्षात आलं की पालीऐवजी दुसरी भाषा मराठी घेतली तर कशालाच कशाची आडकाठी राहत नाही. मराठीचा तास उशिरा होता. सोळा वर्षांच्या मुलीनं एवढं डोकं चालवून वाट काढली, याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. अजूनही वाटतं, म्हणून तर जीव जळतो.

सगळ्यात अवघड काम तिनं स्वतःच केलं. आजोबांकडे गेली आणि पाली सोडते म्हणून सांगितलं. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. सासरे म्हणाले, "गणित घे तू. पाली शिकवायला मी आहे ना घरी, मला काय वेळापत्रक लागतं?" आणि ते कव्हर घातलेलं पुस्तक उचलून त्यांनी आपल्या खणात ठेवलं. पूर्वा आत आली ती डोळे पुसत, पण हसत होती. गाठ सुटली असं आम्हा दोघींना वाटलं.

आता राहिलं होतं ते फक्त कॉलेजला कळवणं. ते मुलांनी कळवायचं नाही, पालकांनी कळवायचं, असा कॉलेजचा नियम. ज्यांचे तास एकमेकांवर येतात त्यांच्या पालकांनी वेळापत्रक सांभाळणाऱ्या तेजस्विनी मॅडमना शनिवारपर्यंत फोन करावा, असा मेसेज ग्रुपवर आला. फॉर्मवर पालक म्हणून संजयची सही होती, तेव्हा फोन त्यानंच करायचा हे ओघानं आलं. शुक्रवारी जेवताना पूर्वानं त्याला नीट समजावलं. बाबा, एवढंच सांगा, पाली काढा, मराठी द्या, गणित राहू द्या. त्यानं मान हलवली. मी म्हटलं लिहून देऊ का, तर म्हणाला मी रोज पन्नास माणसांना कामं वाटतो, मला तीन विषय लक्षात राहत नाहीत का.

राहिले नाहीत असंही नाही. गोष्ट वेगळीच झाली. शनिवारी कंपनीच्या कँटीनमधून त्यानं फोन लावला तेव्हा 'पाली काढा' हे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडेनात. हे त्यानं मला फार नंतर सांगितलं, आणि यावर माझा विश्वासही बसतो. ज्याच्या बापानं जन्मभर विहारात पाली म्हटलं त्यानं कॉलेजच्या बाईला आपणहून पाली काढा कसं म्हणायचं. तेव्हा त्यानं ते गाळलं आणि फक्त गणिताचं बोलायचं ठरवलं. फॉर्मवर वर सक्तीचे विषय होते आणि खाली ऐच्छिक म्हणजे ऑप्शनल. गणित त्या खालच्या रकान्यात होतं. आणि कंपनीची भाषा त्याच्या जिभेवर बसलेली. तिथे माणसाला नाइटला टाकतात, लाईनला टाकतात, ओव्हरटाइमला टाकतात. टाकतात म्हणजे नेमतात. तर हा मॅडमना म्हणाला, पूर्वा तायडेचं गणित ऑप्शनला टाका.

शाळेत जाऊन ज्यानं बोर्डाची एक परीक्षा जरी दिली असेल त्याला ऑप्शनला टाकणं म्हणजे काय ते सांगायला नको. धडा अवघड आहे, ऑप्शनला टाक. भूमितीचा प्रश्न येत नाही, ऑप्शनला टाक. टाक म्हणजे सोड, त्याच्याकडे बघू नकोस. संजय आठवीनंतर वर्कशॉपला लागला, नंतर बाहेरून दहावी केली आणि कामावर शिकत शिकत वर चढला. वर्गात बसून धडे ऑप्शनला टाकायची चैन त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. यात त्याचा काही दोष आहे असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

मॅडमनी दोनदा विचारलं, नक्की ना, नंतर बदल होणार नाही. हा म्हणाला, बिनधास्त टाका, आमचं घरी ठरलंय. घरी येऊन मला सांगितलं की काम फत्ते. मी त्या दिवशी गोड शिरा केला होता.

कॉलेज सुरू झालं. पूर्वा पहाटे उठून वाघोलीहून निघायची आणि कॉमर्सच्या तुकडीत गणिताला जाऊन बसायची. हजेरीत तिचं नाव येत नव्हतं. यादी जुनी असेल असं सरही म्हणाले, तीही म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात सरांनी तिला ऑफिसात विचारून यायला सांगितलं. तिथे कळलं की ती पालीला आहे आणि सुरुवातीपासून गैरहजर आहे. गणिताच्या जागी कॉलेजनं आपणहून राज्यशास्त्र लिहिलं होतं. राज्यशास्त्राचं पुस्तकसुद्धा आमच्या घरात नव्हतं.

तिनं मला काउंटरवर फोन केला. समोर रजिस्टरवाल्यांची रांग होती, मी म्हटलं घरी आल्यावर बोलू. घरी आल्यावर संजय छाती पुढे काढून म्हणाला, मी तर स्पष्ट सांगितलं होतं, ऑप्शनला टाका म्हणून. पूर्वानं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना तिथल्या तिथे कळलं. तिनं शक्य तितक्या हळू आवाजात त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. आधी तो रागावला, मग मॅडमनाच कसं कळत नाही म्हणाला, मग गच्चीत जाऊन उभा राहिला. रात्री मला म्हणाला, उद्या सुट्टी टाकतो, जाऊन सांगतो चुकून झालं म्हणून. त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं. मला वाटलं, संपला विषय.

सकाळी आम्ही तिघंही निघालो. बसमध्ये तो मनाशी काय काय जुळवत होता. मॅडम, माझा गैरसमज झाला, असं एकदा पुटपुटलेलं मी ऐकलं. पूर्वा खिडकीशी बसली होती आणि पहिल्यांदाच कॉलेजातल्या मैत्रिणींबद्दल बोलत होती.

तेजस्विनी मॅडमच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. आम्ही बसलो, पूर्वा उभी राहिली. भिंतीवर त्यांचं ते मोठं वेळापत्रक होतं, रंगीत चौकोनांचं. शेजारच्या टेबलावर सौरभ नावाचा क्लार्क काम करत होता. मॅडम वाईट नव्हत्या. तुटक होत्या, पण पुण्यात त्याला वाईट म्हणत नाहीत. मी सगळं सांगितलं. यांना गणित घ्या असं म्हणायचं होतं, शब्द वेगळा पडला, मुलीला गणिताशिवाय पुढे प्रवेश नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मग त्यांना हसू आलं.

"अहो, ऑप्शनला टाकणं म्हणजे सोडणं, हे सातवीतल्या पोरालाही कळतं," त्या म्हणाल्या. "मी यांना दोनदा विचारलं, तर मला बिनधास्त टाका म्हणाले."

सौरभनं मान वर न करता सांगितलं की मॅडम, मी तर अख्खी बारावी ऑप्शनला टाकली होती. मॅडम हसल्या. मीही ओठ ताणले, कारण काम आमचं होतं. आणि पूर्वाच्या तोंडावर एक बारीक हसू आलं. तिच्या वयाच्या मुलीला यावं तेवढंच, भिडेखातर आलेलं, लगेच मावळलेलं. मी ते पाहिलं. संजयनंही पाहिलं.

मॅडम मग सरळ झाल्या. म्हणाल्या, समजुतीचा घोटाळा असेल तर आजच्या आज दुरुस्त करता येईल, प्राचार्य आहेत, उद्या याद्या पुढे गेल्या की माझ्या हातात काही राहत नाही. फक्त पालकांनी स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं, नंतर माझ्यावर येता कामा नये. आणि त्या संजयकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

संजय ताठ बसला होता. कंपनीत साहेब राउंडला आल्यावर बसत असेल तसा.

"मला जे म्हणायचं होतं तेच मी म्हणालो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"गणित सोडायचं. ऑप्शनला टाकणं म्हणजे काय ते मला कळतं, मॅडम. आमच्या वडिलांची इच्छा आहे मुलीनं पाली शिकावं. या दोघींचं आता मन बदललंय."

मला क्षणभर कळेना की मी काय ऐकलं. त्यानं सासऱ्यांचं नाव घेतलं होतं, ज्यांनी आपल्या हातानं ते पुस्तक खणात ठेवलं होतं. मी म्हटलं, अहो, हे खरं नाही, काल रात्री तुम्ही काय म्हणालात. मग मॅडमकडे वळून म्हटलं की हे खोटं बोलतायत, यांना अर्थ माहीत नव्हता. ते वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं की मी त्याला परतायची वाटच ठेवली नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सौरभचं टायपिंग थांबलं होतं.

मॅडम आमच्याकडे बघत होत्या, तशी नजर मी ओळखते. मनीऑर्डरवरून नवरा-बायको काउंटरसमोर भांडायला लागले की मीही तसंच बघते. मी म्हटलं, मीही पालक आहे, मी सांगते ते लिहून घ्या. त्या म्हणाल्या, फॉर्मवर पालक म्हणून सही यांची आहे. मग दोघांना बाजूला ठेवून त्यांनी पूर्वाला विचारलं, त्यांच्या मते हे फार न्यायाचं होतं.

"तू सांग. घरी काय ठरलं होतं?"

संजय भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत होता. त्याच्या मानेची शीर वर आली होती. पूर्वानं त्याच्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहिलं. मी मनात म्हणत होते, बोल, बाई, बोल, एवढं एकदा बोल. तिनं सगळ्या गाठी सोडवल्या होत्या, दोन सरांची मनं वळवायला गेली होती, आजोबांसमोर उभी राहिली होती. ती बोलली असती तर त्या खोलीत तिचा बाप अडाणी आणि वर खोटारडाही ठरला असता, एका क्लार्कसमोर.

"बाबा म्हणतात तसंच," ती म्हणाली.

मॅडमना हायसं वाटलं ते स्पष्ट दिसलं. त्यांचा एकही चौकोन हलवायला लागला नव्हता. त्या म्हणाल्या, मग प्रश्नच मिटला, उद्यापासून पालीला बसत जा, आधीची हजेरी मी बघते. आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून पुढे म्हणाल्या, "तसंही पाली तुमच्याकडे चालतंच की. आणि स्कोअरिंग आहे."

तुमच्याकडे. मला तिथल्या तिथे विचारायचं होतं, आमच्याकडे म्हणजे कुठे, वाघोलीला का? तायडे आडनाव आणि पाली, दोन्ही एका रेषेत आल्यावर बाईंना दोनदा विचारूनही तिसरी शंका आली नसेल ती यामुळेच. पण भांडायला कुणाच्या बाजूनं उभं राहायचं, तेच मला कळेना. माझी बाजू म्हणजे संजय, आणि ती तर आत्ताच उठून उभी राहिली होती आणि मॅडमना नमस्कार करत होती. मी पर्स उचलली.

बाहेर आल्यावर आम्ही मनपाच्या स्टँडवर आलो. तिथे संजय एकदम मोकळा झाला. रसवंतीतून तिघांना रस आणला, पूर्वाच्या ग्लासात बर्फ कमी घालायला सांगितला, कारण तिचा घसा धरतो. गणिताचं काय एवढं, म्हणाला. ग्रॅज्युएशन कशातही चालतं, पुढे स्पर्धा परीक्षा आहेत, बँका आहेत, त्या वेळी गणिताचा क्लास लावू. आजोबांनाही बरं वाटेल. बोलता बोलता त्याला ते पटत चाललं होतं. माझ्याकडे त्यानं अजून पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर मी तो रस तिथेच ओतला असता. असा संताप मला लग्न झाल्यापासून आला नव्हता, आणि त्या संतापात त्याची दयाही येत होती, याचा मला अजून जास्त संताप आला.

पूर्वानं रस संपवला, ग्लास नेऊन दिला आणि परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, मला गणित हवं होतं."

तो तिच्याकडे बघतच राहिला. नाटक नव्हतं ते, त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मग तिथं सांगायचंस ना," तो म्हणाला. "मॅडमनी तुला विचारलं होतं की."

वाघोलीची बस लागली तशी माणसं दाराकडे धावली. संजय रेटून पुढे चढला आणि आम्हा दोघींसाठी जागा धरून उभा राहिला.